दिवेलागणीचं दार

दिवेलागणीला घराचं पुढचं दार लावायचं नाही, लक्ष्मी दारावरून परत जाते, असं आमच्याकडे म्हणतात. मी मात्र हल्ली ऊन उतरलं की कडी घालते आणि दाराखालच्या फटीत जुनी चादर खुपसते.

मुलीने पोर्तुगालहून आणलेला तिचा कुत्रा टोबी माझ्यापाशी राहिला आणि ती नोकरीवर परत गेली. पुढे त्याच्या डोळ्यांभोवतीचे केस झडले. नखं तर इतकी वाढली, की तो चालला की फरशी वाजते. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "काकू, हा काळ्या आजारातलाच प्रकार. आपल्याकडच्या कुत्र्यांत मी कधी पाहिला नाही, हा तिकडूनच घेऊन आलाय. वाळूमाशी संध्याकाळी निघते. ती याला चावून दुसऱ्या कुत्र्याला चावली, तर आजार गावात पसरेल. औषध देऊ, पण अंधाराआधी दार लावत जा."

बाहेर पायरीवर गल्लीतली कुत्री लाली येऊन बसते. पूर्वी या वेळी दोघं अंगणात लोळायची. आता दाराच्या अलीकडे एक नाक, पलीकडे एक नाक. कडी लालीच्याच भल्यासाठी आहे, पण ते तिला कुठल्या भाषेत सांगू? जपण्यासाठी लावलेलं दारही पलीकडून बंदच दिसतं.

मुलगीही संध्याकाळीच गेली, याच दारातून. रोज याच वेळी तिचा फोन येतो. "आई, तो मला शोधतो का गं?"

"छे, मजेत आहे," मी म्हणते, आणि दारावर वाजणारी नखं तिला ऐकू जाऊ नयेत म्हणून फोनवर हात ठेवते.