कुलूपबाईंची किल्ली

माझी भाची लोकांच्या मनाचे त्रास ऐकते. त्याचं शिक्षण तिने घेतलं आहे, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं समुपदेशन केंद्र आहे, आणि वेबसाइटही आहे. बाहेरच्या खोलीत अकरा वर्षं एक बाई बसते. तिला मी कुलूपबाई म्हणते. अर्थात पाठीमागे.

पन्नाशीची, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. टेबलावर एक वही असते, त्यात नावं नसतात. नुसती वेळ आणि पुढे एखादी खूण, ‘निळी छत्री’, ‘उजव्या खुर्चीवाले’ असली. आत येणारा माणूस उद्या बाजारात समोर आला, तर ही बाई त्याच्याकडे अशी बघते की विजेच्या खांबाकडेही कोणी जरा आपुलकीने बघेल. आधी त्याने नमस्कार केला तरच हिचा नमस्कार. हिची सख्खी जाऊ पाच महिने त्या केंद्रात येत होती. दोघी घरी एकाच ओट्यापाशी उभ्या राहून स्वयंपाक करायच्या, पण हिने चकार शब्द काढला नाही. शेवटी त्या जावेनेच कौतुकाने सगळीकडे सांगितलं, म्हणून मला कळलं.

सगळ्यांना याचं कौतुक. मला नाही. मी तीस वर्षं कायद्याच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली आहेत, आणि एकही चूक नसलेलं पान दिसलं की मी ते पुन्हा वाचते. इतकं गप्प राहणाऱ्या माणसाच्या पोटात जे साठतं ते कुठेतरी सांडत असणारच, असं माझं मत.

त्यामुळे भाचीकडे येणाऱ्या एका मुख्याध्यापिका बाईंनी येणं बंद केलं आणि चार ओळींचं पत्र धाडलं, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. शाळेतल्या एका शिक्षिकेने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं, ‘आता झोप लागते का हो?’ आपल्या झोपेबद्दल आपण तुमच्या केंद्राशिवाय कोणाकडेही बोललेलो नाही, असं बाईंनी लिहिलं होतं.

भाची रडवेली होऊन माझ्याकडे आली. वकिलाने तिला सांगितलं होतं, आधी वेबसाइटवरचं प्रायव्हसीचं पान नीट करा, त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे.

“मावशी, तू बघ ना जरा.”

बघितलं. ते पान वेबसाइट बनवणाऱ्याने एका चपलांच्या दुकानाकडून जसंच्या तसं उचललं होतं. ‘माल न आवडल्यास सात दिवसांत परत करावा.’

“म्हणजे मन पसंत पडलं नाही तर सात दिवसांत परत?” मी म्हटलं. “आणि मापाचं काय?”

“मावशी, चेष्टा नको.”

मग मी तिच्या केंद्रातच जाऊन बसले आणि नवीन पान लिहायला घेतलं. प्रत्येक वाक्यापाशी विचारायची, हे खरं आहे का? ‘फॉर्ममध्ये तुम्ही लिहिलेलं फक्त समुपदेशक वाचतात’ या वाक्यावर भाची अडखळली. “मीच वाचते. म्हणजे कॉम्प्युटर बाईंच्या टेबलावरचा आहे, पण…”

“मग ‘फक्त’ खोडते.”

कुलूपबाईने मान वर केली. “मी फॉर्म उघडत नाही. मला वेळ तेवढी बघायची असते.”

“असं तुम्ही म्हणता,” मी म्हटलं.

ती पुढे काही बोलली नाही, आणि तेच मला खटकलं. निरपराध माणूस भांडतं, असा माझा हिशेब. बाहेर जिन्यात मी भाचीला सांगितलं, हिला काढ. भाची म्हणाली, अकरा वर्षं झाली गं. तरी माझ्या बोलण्याचा परिणाम झालाच. दुसऱ्या दिवशी तिने कागदांच्या कपाटाची किल्ली बाईकडून मागून घेतली, आणि शनिवारी काय ते ठरवू म्हणाली. बाईने किल्ली कमरेच्या जुडग्यातून सोडवली, पदराने पुसली आणि टेबलावर ठेवली. नंतर वहीत चारची वेळ लिहीत बसली.

पुरावा हवा म्हणून मी दोन खोट्या बातम्या सोडल्या. एक कुलूपबाईच्या कानात. तिच्या टेबलावर वाकून म्हटलं, “मलाच भाचीशी बोलायचंय. लिफ्टमध्ये शिरलं की जीव घाबरतो माझा. कुणाला सांगू नका.”

“कारण मला सांगायची गरज नाही,” ती म्हणाली. “गुरुवारी चारला चालेल?”

दुसरी बातमी वेबसाइटच्या फॉर्मवर, खोट्या नावाने. लिहिलं, वय अडुसष्ट, नवरा दिवसभर शिट्टी वाजवतो, त्यापायी घर सोडून जावंसं वाटतं. ही झाली जोडीची परीक्षा. फॉर्मही हिच्याच कॉम्प्युटरवर येतो, म्हणजे दोन्ही बातम्या एकदम फुटल्या की ही सापडली. मला खात्रीच होती.

रोज सकाळी मी आणि माझी धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, बागेला फेऱ्या मारतो. दोन दिवस काही नाही. बुधवारी तिसऱ्या फेरीला ती हसायला लागली.

“ताई, माणसं कशाकशाने कावतात गं! एक बाई म्हणे नवऱ्याच्या शिट्टीपायी घर सोडायला निघालीय. अडुसष्ट वर्षांची!”

मी जागच्या जागी थांबले. “हे कोणी सांगितलं तुला?”

“फोनवर येतं की. टिंग वाजतं आणि येतं.”

“कुठल्या फोनवर?”

“हा बघ. लेकीने तिचा जुना दिला ना मला? त्यात येतं अधूनमधून. मी नाव नाही हं घेत कुणाचं.”

भाचीने नवा फोन घेतला तेव्हा जुना आईला दिला होता, आणि त्यातलं केंद्राचं ईमेलचं टपाल बंदच केलं नव्हतं. वेबसाइटवर कोणीही काही लिहिलं की ते आईच्या पिशवीत टिंग करत होतं.

“लिफ्टला घाबरणारी कोणी बाई?” मी मुद्दाम विचारलं.

“नाही बाई. तसलं काही नाही आलं.”

“आणि ती न झोपणारी मुख्याध्यापिका?”

“ती मागेच नाही का सांगितली तुला, नुसतं शाळेचं नाव घेऊन? तूच म्हणालीस, शहाणी बाई, वेळेवर कोणाकडे तरी गेली.”

म्हटलं होतं. पार विसरूनही गेले होते. नुसतं म्हणून मी थांबले असते तर बरं होतं. त्याच संध्याकाळी वाचनालयात चारचौघींत मी त्याच शहाणपणाचं कौतुक केलं होतं, शाळेच्या नावासकट. त्या चौघींत एक शिक्षिका होती.

बहीण विचारत होती, “काय झालं ताई? थांबलीस का?” मी तिला म्हटलं, “तो फोन इकडे दे आणि गप्प चाल.” बिचारी चालली.

गुरुवारी सकाळी भाचीने फोनमधलं टपाल पुसलं, आईला दुसरा फोन दिला, आणि कुलूपबाईसमोर किल्ली धरली. “बाई, चुकलं माझं.”

तिने हात पुढे केला नाही. “त्या मुख्याध्यापिका बाईंना कळवलंत?”

“वकिलाला विचारते,” भाची म्हणाली. “लेखी कबूल करायचं म्हणजे…”

“बाईंना अजून वाटत असेल, दाराशी बसणारीनेच सांगितलं. मी रोज त्यांच्या शाळेवरून येते. आधी त्यांना कळू दे. किल्ली मग बघू.”

भाची माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, “वकिलाचं मागाहून बघ. कागद दे.” पत्र मी लिहिलं. कोणाच्या फोनवरून गेलं, कोणाच्या तोंडून पसरलं, सगळं सरळ. खाली भाचीची सही आणि तिच्याखाली माझी. कुलूपबाई पत्र वाचायला तयार नव्हती, दुसऱ्याचं टपाल म्हणून! मीच ते हाताने शाळेत नेऊन दिलं. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, “ठीक आहे.” त्या पुन्हा भाचीकडे आल्या नाहीत. येतील असं मला वाटतही नाही.

परत तीन जिने चढून आले तर किल्ली जुडग्यात गेलेली होती. मी खुर्चीत बसले. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागितली. तिने ऐकून घेतली.

“चार वाजायला दहा मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “आत जाणार ना?”

“अहो, ती लिफ्टची थाप होती. तुमची परीक्षा बघायला.”

तिने चष्मा चढवला. “अकरा वर्षं बघतेय. तुम्ही नेहमी जिन्यानेच येता.”

भाचीकडे बोलणं शक्य नव्हतं, ती घरातलीच पडली. कुलूपबाईने एका चिठ्ठीवर दुसऱ्या समुपदेशकाचा पत्ता आणि वेळ लिहून दिली. चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं.

शनिवारी भाजी घेताना ती समोरून आली. मी हसले. ती माझ्या अंगावरून सरळ पुढे गेली, जणू मी विजेचा खांब. पहिल्यांदा रागच आला. मग मी पिशवी खाली ठेवली आणि तिला हाक मारून आधी मीच नमस्कार केला.