शिक्क्यावरचा नंबर कुणाचा?

कॉलेजात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण वर्गात लग्न झालेली ती एकटीच. बारावीनंतर सुटलेलं शिक्षण तिने मुलगी शाळेत जायला लागल्यावर पुन्हा धरलं आणि फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. स्वभाव मुळातच संशयी. दूध हुंगूनच पातेल्यात ओतायची, कुलूप लावलं की ओढून बघायची, आणि जिना उतरून परत वर जायची. बस चालवणारा नवरा म्हणायचा, "तुला चेकर म्हणून घेतलं असतं ना, तर आमचा डेपो सुधारला असता."

शेवटच्या टप्प्यात नोंदणीकृत थेरपिस्टच्या हाताखाली इंटर्नशिप करायची होती. त्यांची सही असेल तरच कौन्सिलच्या परीक्षेला बसता येणार, आणि पास झालं तरच परवाना. वहिनीला मिळालं औषधाच्या दुकानावरचं एक क्लिनिक.

तिथल्या सरांबद्दल पहिल्याच आठवड्यात तिच्या मनात पाल चुकचुकली. सर गोड बोलायचे, पण पेशंटला हात लावायचे नाहीत. मान असो, गुडघा असो, खांदा असो, सगळ्यांना शेकाचं एकच मशीन. भिंतीवरचं प्रमाणपत्र इतकं उंच टांगलेलं, की त्यावरचं नाव वाचायला शिडी लागावी.

"सर, सांधा किती वाकतो ते आधी मोजायचं ना?" तिने एकदा विचारलं.

"पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. इथे पेशंटला बरं वाटलं पाहिजे."

तिच्याबरोबरची धाकटी इंटर्न कंटाळली. "वहिनी, तुम्हाला काय करायचंय? सही वेळेवर मिळतेय ना?"

मग एक दिवस एक शिंपीकाका मुलीच्या आधाराने लंगडत आले. एक पोटरी सुजलेली, लाल, हाताला गरम लागत होती. नुकतंच ऑपरेशन होऊन ते बरेच दिवस अंथरुणात होते. सर केबिनमधूनच म्हणाले, "शीर आखडली असेल. चांगली चोळून द्या."

वहिनीने हात मागे घेतला. आत रक्ताची गुठळी असली आणि चोळताना सुटली, तर ती थेट फुप्फुसात जाते, हे पहिल्या वर्षालाच घोकून घेतलेलं.

"मी चोळणार नाही, सर. यांना आधी हॉस्पिटलला पाठवा."

"इथे शिकायला आलात की शिकवायला?"

"काका, पायाला हात लावू देऊ नका. कुणालाच," ती म्हणाली, आणि मुलीकडे वळली, "यांना सरळ रिक्षात बसवून हॉस्पिटलला न्या."

गुठळीच निघाली. काका वाचले.

पण वहिनीची झोप उडाली. इतकी साधी गोष्ट शिकलेल्या माणसाला कळत नाही, हे कसं? तिने सरांच्या शिक्क्यावरचा नंबर हातावर लिहून घेतला आणि कौन्सिलच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. नंबर खरा होता, पण त्यावरचा फोटो सरांचा नव्हता. आडनाव मात्र तेच.

वहिनीने तोंडावर विचारलं, तेव्हा सरांनी नाकारलं नाही. "नंबर माझ्या थोरल्या भावाचा आहे, तो कधीच परदेशी गेला. पण दादाच्या हाताखालीच शिकलो मी. इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली?"

"जे परत आले नाहीत, त्यांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे?" वहिनीने विचारलं.

धाकटीने तिच्या हातापाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. "तक्रार केलीत तर आपले सगळे महिने पाण्यात जातील! परवाना मिळाल्यावर करा ना!"

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता वहिनीला पुनःपुन्हा ती गरम पोटरी आठवत होती. दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यांपुढे सगळं सांगितलं.

क्लिनिकला टाळं लागलं, सरांवर केस झाली. दोघींना इंटर्नशिप पहिल्यापासून करावी लागली. धाकटीने बोलणंच टाकलं. ती दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात गेली, आणि वर्गातले काही जण वहिनीला बघून कुजबुजायचे.

नव्या जागी वहिनीने पहिल्याच दिवशी तिथल्या थेरपिस्ट मॅडमना धीर करून विचारलं, "तुमचा नोंदणी क्रमांक बघू?"

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "मला आजवर हे कुणी विचारलं नाही."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली, पण जागची हलली नाही.

मॅडमनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. वहिनीने फोटो पाहिला, मग मॅडमचा चेहरा, मग पुन्हा फोटो. त्यानंतरच तिने एप्रन चढवला. पुढच्या वर्षी ती परीक्षा पास झाली आणि परवाना तिच्या हातात पडला.