दाजींच्या कॅप्सूल आणि लिंबाचा रस

माझ्या दाजींचा मी सूड घेतला. रागाच्या भरात न्हाई, चांगली महिनाभर तयारी करून घेतला. लोक म्हणतात, जाऊ द्या सर, नातं हाय. अहो, नातं होतं म्हणूनच घेतला! परका असता तर दोन शिव्या हासडून सोडून दिला असता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. शहागडचे. हायवेला टायर-पंक्चरचं दुकान होतं, बरं चाललं होतं. ते बंद करून ते माणसाखाली माणूस जोडायच्या चेन मार्केटिंगच्या धंद्यात घुसले. सफारी शिवली, हातात ब्रीफकेस आली आणि तोंडात एक नवा शब्द आला, एन्झाइम. जपानात सोयाबीन आंबवून काढतात म्हणे. नैसर्गिक. रक्त पातळ करतं, गुठळी विरघळवतं, साइड इफेक्ट बिलकुल न्हाई. सोयाबीन आमच्या वावरातबी होतं, पण ते पडलं आमच्या गावचं, वडीगोद्रीचं, त्याला कोण विचारतो!

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, हृदयाची एक झडप बदललेली होती. धातूची बसवली होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पातळ करायची गोळी मरेपर्यंत घ्यायची, एक दिवस चुकवायची न्हाई, आणि महिन्याला रक्त तपासून गोळी कमी-जास्त करायची. आबांनी कितीतरी वर्षं हे पाळलं. पहाटेची एसटी पकडायची, रक्त द्यायचं, संध्याकाळपर्यंत परत. कंटाळले होते, पण जगत होते.

एका रविवारी दाजी आले आणि कॅप्सूलची डबी आबांच्या हातात ठेवली. "आबा, ती गोळी म्हंजी उंदीर मारायचं औषध हाय. फेका ती. ह्या घ्या, रोज दोन. रक्त तपासायची झंझटच न्हाई."

आमच्याकडं सासरा वयानं कितीही मोठा असो, जावयाच्या आधी खाटेवर बसत न्हाई, आणि जावयानं हातानं दिलेली वस्तू परत करत न्हाई. आबांनी डबी कपाळाला लावली. मी तिथंच उभा होतो. हायस्कूलला विज्ञान शिकवणारा माणूस मी! झडपेचा माणूस गोळी सोडतोय म्हणल्यावर मी बोंब मारायला पाहिजे होती. पण जावयाला आमच्याच दारात खोटं पाडायचं म्हणजे आक्काला सासरी तोंड वर काढायला जागा ठेवायची न्हाई. दाजी गेल्यावर आबा मला म्हणाले, "तीन महिने घेऊन बघतो. त्यांचा शब्द हाय." मी म्हणालो, "बघा." एवढंच म्हणालो. ह्या एका शब्दापायी मी स्वतःला आजही जोड्यानं मारावं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आबा ओट्यावर दात घासताना पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. झडपेवर गुठळी झाल्ती, तिचा तुकडा मेंदूत गेल्ता. डॉक्टरांनी ती डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. म्हणाले, "एन्झाइम म्हणजे प्रथिन. आपण वरण खातो, त्यातलं प्रथिन पोटात गेल्यावर काय होतं? पचतं. हेही बरंचसं पचतं. थोडंफार रक्तात जातही असेल, पण किती, ते ह्या डबीवरून कोणालाच सांगता येणार न्हाई. तेवढ्यावर झडप सोडायची?"

दाजी दवाखान्यात भेटायला आले. मोसंबी घेऊन आले. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, "कॅप्सूल चालू होत्या म्हणून एवढ्यावर भागलं. न्हाईतर आबा गेलेच असते."

झालं! तिथंच मी ठरवलं की ह्या माणसाला मी चार लोकांत उघडा पाडणार.

दाजींच्या मीटिंगा मला माहीत होत्या. खाटकाकडून बकऱ्याचं गोठलेलं रक्त आणायचे, त्याचे दोन गोळे दोन ग्लास कोमट पाण्यात टाकायचे आणि एका ग्लासात कॅप्सूल फोडून पूड घालायची. मंग दोन-तीन तास भाषण, मध्ये चहा. भाषण संपेपर्यंत पुडीच्या ग्लासातला गोळा विरघळून पाणी लालभडक. बाया तोंडावर पदर धरायच्या. खोटं न्हवतं ते, पूड खरंच गोळा विरघळवायची. पण माणसाचं पोट म्हणजे काय काचेचा ग्लास हाय?

आबांच्याच डबीत उरलेल्या कॅप्सूल मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेल्या. पोटातल्या आम्लाच्या जागी लिंबाचा रस. त्यात पूड तासभर ठेवायची, मंग आतड्यात मरतं तसं आम्ल मारायला फेस यायचा थांबेपर्यंत खायचा सोडा टाकायचा, आणि मंग रक्ताचा गोळा. गोळा जसाच्या तसा! त्याच पाण्यात ताजी पूड टाकली की विरघळायचा, म्हणजे दोष लिंबाचा न्हाई. पूडच मरत होती. सात वेळा करून बघितलं आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघत बसलो.

वडीगोद्रीत बाजाराच्या दिवशी हॉल भरला. दाजींनी दोन ग्लास मांडले. मी उठलो आणि लिंबाच्या रसाचा तिसरा ग्लास त्यांच्या शेजारी ठेवला. "दाजी, तुमच्याच डबीतली कॅप्सूल. फक्त आधी पोटात जाऊ द्या."

"आमची कॅप्सूल पोटात फुटत न्हाई. थेट आतड्यात जाती," दाजी हसून म्हणाले.

"बराबर. मंग अख्खीच टाका की!"

त्यांनी स्वतःच्या हातानं टाकली कोमट लिंबाच्या रसात. ती फुगली, मऊ पडली आणि पंधरा मिनिटांत फुटली. पहिल्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आरं, ही तर उघडली की!" दाजी भाषण करून राह्यले होते, पण ऐकतं कोण? सगळे तिसऱ्या ग्लासाकडं बघत होते. मी वेळेवर सोडा टाकला, गोळा टाकला. माझा गोळा टाकल्यावर दोन तासांनी बघितलं तर त्यांचा विरघळलेला, माझा तसाच. मंग मी हॉलला सांगितलं की माझे आबा ह्याच कॅप्सूलवर होते आणि आता त्यांना पाणी मागता येत न्हाई. शेजारगावचा एक झडपेचा माणूस तिथंच उठला, म्हणाला, "मी माझी गोळी सोडत न्हाई बाबा." लोक उठून जाऊ लागले. दाजींनी घामानं भिजलेल्या हातांनी ब्रीफकेस बंद केली आणि माझ्याकडं न बघता गाडीला किक मारून ते थेट शहागडला गेले.

मी जवळजवळ पळतच घरी आलो. आबा खाटेवर पडून होते. तोवर एखाद-दुसरा शब्द परत आल्ता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, दाजींचा घाम, उठून जाणारे लोक, सगळं. आबांचे डोळे माझ्यावरच होते. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी बराच वेळ तोंड जुळवलं आणि म्हणाले, "जेवले?"

"मी? जेवतो की आता."

त्यांनी डावा हात हलवला. न्हाई, न्हाई. परत तोंड जुळवलं. "जावई."

मी म्हणालो, "न्हाई. उपाशी गेले."

आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून एक घास घेतला न्हाई. तरीबी सांगतो, तो माणूस आमच्या गावातून उपाशी गेला ह्याचा मला आजही आनंद हाय.