एका बोटाचं दुखणं

दौंडच्या रेल्वे कॉलनीत, साठ सालानंतर कधीतरी, आम्हा पोरींची खो-खोची टीम झाली... आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या लंगडायला लागल्या! उकिडवं बसायचं आणि खो मिळाला की ताडकन उठून पळायचं. मांड्यांनी पार हात टेकले.

बाकीच्या दोन-तीन दिवसांत मोकळ्या झाल्या. माझा उजवा गुडघा मात्र रोज जास्तच ठणकायला लागला... पण मी चकार शब्द काढला नाही. एवढी घोडी झाली तरी उंडारती, असं आई आधीच म्हणायची. दुखतंय म्हटलं असतं तर खेळ कायमचा बंद! त्यात शिरूरशी मॅच तोंडावर आलेली.

शेवटी माझी चाल बघून आईनंच ओळखलं. विटेचा शेक झाला, मग तिळाच्या तेलानं रगडणं सुरू... मी अशी किंचाळले की शेजारच्या सलोमीमावशी धावत आल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या.

माझी मैत्रीण रझिया तिथंच बसली होती, मांड्या चेपत. मावशींनी दोघींना विचारलं, कुठं दुखतं ते दाखवा. रझियानं दोन्ही मांड्यांवरून अख्खा पंजा फिरवला. माझं मात्र एकच बोट गेलं, थेट गुडघ्याच्या आतल्या कडेला... मावशींनी हात लावला, तर तिथं सूज होती आणि गरम लागत होतं.

"हिचं मांस दुखतंय, ते खेळता खेळता जाईल," मावशी म्हणाल्या. "तुझा सांधा हाय. त्यो रगडू नगं, त्याला इसावा दे."

म्हणजे माझी मॅच हुकली. मी ढसाढसा रडले. वर आईनं निकाल दिला, बास झालं आता खेळणं.

मावशी जायला निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "वैनी, पाय बरा व्हईल. मग खेळू द्या तिला. मी सोबत जाईन मैदानावर, ड्यूटीवरनं परस्पर."

डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला. तिकडं शिरूरच्या पोरींनी आमच्या टीमचा पार धुव्वा उडवला... आणि महिन्यानं मावशी खरंच आल्या हो! दिवसभर उभ्यानं काम केलेली बाई, पांढऱ्या साडीत मैदानाच्या कडेला पुन्हा उभीच. एक दिवस नाही, रोज... आईचा धीर चेपेपर्यंत.

पुढं लग्न होईपर्यंत खेळले मी. मावशी, गुडघा काय, डॉक्टरांनी बरा केला... माझा खेळ तुम्ही राखलात.