सिरसाळ्याचा रस्ता

आमच्या व्याह्यांनी जन्मात कुणाचं एक वाक्य तपासून न बघता मान्य केलं, असं कुणी दाखवून दिलं तर मी मिशा उतरवीन, अशी पैज गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी कुणाशीही लावली असती. त्यातून माझं वाक्य तर नाहीच नाही. मी जन्मभर शाळामास्तर. मांजरसुंब्यातली निम्मी माणसं मी सांगितलेलं पाठ करून पास झालेली. पण आमच्याकडे जेवायला आलेल्या या गृहस्थांना मी "बाहेर ऊन फार आहे, जरा थांबा" म्हटलं की ते चपला घालून अंगणात जायचे, ऊन बघून यायचे आणि "हाय" एवढं बोलून पुन्हा बसायचे. भिंतीवरचं घड्याळ बघून झालं की माझ्या मनगटावरचं बघायचे, आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वेळ विचारायचे. टँकर आला की उलट्या हातानं त्याच्यावर टकटक करून तो भरलेला असल्याची खात्री करून घ्यायचे; ड्रायव्हर बिचारा तोंडाकडे बघत राहायचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकदा त्यांनी आधी स्वतःची रिकामी बैलगाडी चढवली, कारण तिचं वजन त्यांना ठाऊक होतं. काटा बरोबर निघाला तर हिरमुसले. आणि सगळ्यात कहर म्हणजे फोन. फोन स्वतः लावायचे आणि मी "हॅलो" म्हटलं की विचारायचे, "कोण बोलतंय?" मी म्हणायचो, "मी, तुमचा व्याही." त्यावर यांचा प्रश्न ठरलेला, "कशावरनं?" आता मी मीच आहे याचा पुरावा माणसानं फोनवरून द्यायचा तरी कसा?

या सगळ्यामागे त्यांचं म्हणे एक शास्त्र होतं. "आपल्याला म्हाईत हाय त्येच पयलं इचारायचं," ते सांगायचे. "त्येचं उत्तर बराबर आलं तरच म्हाईत नसलेलं इचारायचं. न्हाईतर त्या माणसाचं उत्तर घिऊन करायचं काय?" म्हणून मांजरसुंब्याच्या चौकात बसमधून उतरले, की आमच्या घराकडे वळायच्या आधी ते ढाब्यावरच्या मंडळींना विचारत बसायचे, "सिरसाळ्याला कोंच्या रस्त्यानं जावं?" सिरसाळा हे त्यांचं स्वतःचं गाव. तिथूनच ते नुकते आलेले. आमच्या चौकातून चार दिशांना चार रस्ते फुटतात, आणि आमच्याकडे वाटसरूला "ठाऊक नाही" म्हणून लावून देणं म्हणजे पाहुण्याला उपाशी उठवल्यासारखं मानतात. त्यामुळे पानवाला पाटोद्याकडे बोट दाखवायचा, पंक्चरवाला सोलापूरकडे, आणि एकानं तर यांना बाकावर बसवून चहा पाजला आणि मग प्रेमानं चुकीचा रस्ता सांगितला. असल्या दिवशी व्याही आमच्या दारात अगदी खुशीत यायचे.

हाच प्रश्न त्यांनी आमची मुलगी बघायला आले तेव्हा मला विचारला होता. मी म्हणालो, "केज, धारूर, तेलगाव." ते म्हणाले, "पाली, बीड, वडवणी, तेलगाव," आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीच्या वयाबद्दलही खोटं बोललो असेन. मला केजचाच रस्ता बरोबर वाटतो, आजही वाटतो; पण तो मुद्दा राहू दे. मग त्यांनी पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या माझ्या मुलीला तेच विचारलं. ती म्हणाली, "मला नाही माहीत. मी कधी तिकडं गेलेच नाही." व्याह्यांनी बशी खाली ठेवली आणि बायकोकडे वळून म्हणाले, "पोरगी पसंत हाय." म्हणजे पोरीच्या अज्ञानावर लग्न जमलं आणि माझ्या ज्ञानाची पत कायमची गेली. पुढं प्रत्येक भेटीत निघताना ते मला रस्ता विचारायचे, मी केज म्हणायचो, ते मान डोलवायचे आणि पालीच्या बसमध्ये चढायचे. मुलगी यांच्या घरात नांदत असल्यामुळे मला दातओठ खाण्यापलीकडे काही करता यायचं नाही.

दुसरा नाद माणसं जोडण्याचा. दोन अनोळखी माणसं शेजारी बसली आहेत आणि आपसात बोलत नाहीत, हे दृश्य त्यांना सहन व्हायचं नाही. या नादानं माझ्या घराची कशी धर्मशाळा झाली ते सांगतो. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ज्वारी गुडघ्याइतकी होऊन थांबली होती. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि घरोघरी बाया आणि जनावरं तेवढी राहिलेली. जिल्ह्याची सहकारी दूध संस्था चालू होती म्हणून चुली पेटत होत्या. व्याही तिथं संचालक. गाय आजारी पडली तर एकट्या बाईनं काय करावं? जनावरांचा डॉक्टर एक, त्याला गावं ढीगभर. तेव्हा, फोनवर आपल्या भाषेत विचारायचं आणि यंत्रानं आपल्या भाषेत उत्तर द्यायचं, अशी कृत्रिम बुद्धिमत्ता का काय म्हणतात ती संस्थेनं सभासदांना द्यावी असं ठरलं. ती बनवत होती इंजिनिअरिंगची पोरं. त्यांची म्होरकी मुक्ता. ती व्याह्यांना बसमध्ये भेटली. यंत्राच्या बोलण्यावर कधी भरवसा ठेवावा आणि कधी ठेवू नये, याचाच अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एक डॉक्टर बाई त्यांना लग्नाच्या पंगतीत सापडल्या. आणि हे यंत्र फोनाफोनांवर पोचवणाऱ्या कंपनीचे साहेब आमच्याच चौकात गाडी बंद पडून उभे होते, ते यांच्या तावडीत आपसूक आले. या तिघांना भेटायला सगळ्यांच्या मधली जागा कोणती? मांजरसुंबा. आणि मांजरसुंब्यात कुठं? माझी ओसरी. मला कुणी विचारलंही नाही.

पहिली बैठक व्याह्यांनी थेट लग्नाच्या बोलणीसारखी भरवली. एका सतरंजीवर पोरं, समोर साहेब, मधे बाई, आणि फेटा बांधून हे स्वतः मध्यस्थ. बाई बोलायच्या शंकेबद्दल, साहेब बोलायचे तारखेबद्दल, आणि पोरं बोलायची यंत्राला चाचणीत पडलेल्या मार्कांबद्दल. कुणाचं कुणाला कळायचं नाही. व्याही एकाचं ऐकून दुसऱ्याला समजावून सांगायचे, "त्यांचं म्हणणं असं हाय की..." आणि त्यांचं म्हणणं तसं अजिबात नसायचं. शेवटी त्यांनी चक्क सुपारी फोडली आणि एकेक तुकडा तिघांच्या हातावर ठेवला. बाईंनी मला हळूच विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हणालो, "आता मोडता येणार नाही." साहेबांनी आपला तुकडा घाबरून खिशात ठेवला. आतून आमच्या सौभाग्यवतींचा निरोप आला, "व्याह्यांना सांगा, यंत्र पाणी पीत नसेल, पण ही माणसं पितात. टँकर परवा येणार आहे."

मग मुक्तानं स्टुलावर फोन ठेवला. संस्थेच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत उद्घाटन जाहीर करून टाकलं होतं, मांडव घालायला सुरुवात झाली होती. व्याह्यांनी घसा साफ केला आणि फोनला विचारलं, "सिरसाळ्याला कोंच्या रस्त्यानं जावं?"

यंत्र गोड आवाजात म्हणालं, "पाटोद्यावरून जा."

मला मनातून बरं वाटलं. निदान माझ्याहून वाईट उत्तर देणारं कुणीतरी त्यांना भेटलं. साहेब म्हणाले, "अहो, हे जनावरांसाठी आहे, रस्त्यांसाठी नाही."

"मंग तसं म्हणावं की त्यानं. 'माजं काम न्हाई' म्हणावं. वाट कावून सांगितली?" आणि मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "पाण्यावाचून खुरटल्याली कवळी ज्वारी हाय. गायीला घालू का?"

"जरूर घाला, ताई," यंत्र म्हणालं. "हिरवा चारा गायीसाठी उत्तम."

चहा घेऊन आलेली आमची बायको जागच्या जागी थांबली. "अहो, मरेल की गाय!" ती म्हणाली. दुष्काळात खुरटलेली ज्वारी जनावराच्या पोटात विष होते, हे आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा जाणतात. पण ज्या घरात नवी सून एकटी आहे, दावणीला एकच गाय आहे आणि दारात ती ज्वारी हिरवीगार दिसते आहे, तिथं हा गोड आवाज गेला असता तर? मग मुक्ताच म्हणाली, "मामा, चूक आमचीच हाय. आमी गावोगाव फिरून लोकांचीच उत्तरं ह्यात भरली. हिरव्या चाऱ्याला सगळी चांगलंच म्हणली. आन् एकबी माणूस आमाला 'म्हाईत न्हाई' म्हणला न्हाई. मंग ह्याला तरी ते कुठनं येणार?" साहेबांनी मान खाली घालून कबूल केलं की ग्राहकाला उत्तराशिवाय परत पाठवायचं नाही, हा कंपनीचाही नियम आहे. व्याही फोनकडे कौतुकानं बघत म्हणाले, "मंजी हे आपल्याच चौकातलं निघालं." बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

उद्घाटन व्याह्यांनी हाणून पाडलं. अध्यक्षांचा फोन माझ्या घरी आला, कारण सगळ्यांचे फोन आता माझ्याच घरी येत होते. "मांडव घातलाय, त्याचं काय करू?" व्याही म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जनावरं बांधा सावलीला." साहेब कंटाळून निघून जायला लागले की हे आठवण करून द्यायचे, "सुपारी फुटलीय." आणि तो अख्खा उन्हाळा माझ्या ओसरीवर परीक्षा चालली. ज्यांची उत्तरं पक्की ठाऊक आहेत असे प्रश्न जनावरांचे डॉक्टर काढायचे, ज्यांची कुणालाच ठाऊक नाहीत असे बाई काढायच्या, आणि आपला अंदाज कच्चा असला तर यंत्रानं तो ओळखावा कसा, यावर पोरं डोकं फोडायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझी दुपारची झोप गेली आहे, साखरेचा डबा तळाला लागला आहे आणि जेवणाच्या ताटावर बसलेला माणूस घासाघासाला फोनवर खेकसतो आहे, "कशावरनं?"

अखेर एका दुपारी मुक्तानं गायीचं काहीतरी अवघड लक्षण विचारलं आणि यंत्र म्हणालं, "मला नक्की माहीत नाही. डॉक्टरांना बोलवा. तोवर ज्वारी घालू नका." व्याही उठले आणि चौकातून पेढे घेऊन आले. साहेबांना पेढा गिळवेना. "न आलेल्या उत्तराचे पेढे?" ते मला म्हणाले. पण त्या हंगामात संस्थेनं ते यंत्र सुरू केलं, मांडवाशिवाय. पुढं पालीकडची एक बाई डेअरीत तक्रार घेऊन आली. "त्या फोनाला काय बी येत न्हाई. मला म्हणला, म्हाईत न्हाई, डॉक्टर बोलवा. बोलवला म्हणून गाय वाचली, न्हाईतर त्या फोनाच्या नादानं गेलीच आसती!" व्याह्यांना त्या तक्रारीचा जेवढा आनंद झाला तेवढा नातवाच्या बारशालाही झाला नव्हता. मुक्ता आता पुण्याला बाईंकडे पुढचं शिकते, साहेब तिच्या कॉलेजातली पोरं कामाला घेतात, आणि वर्षातून एकदा सगळी माझ्या ओसरीवर जमून माझा चहा पितात.

गेल्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. सासऱ्यांना तीही मामाच म्हणते. "बाबा, मामा हल्ली तेच तेच परत विचारतात हो." मी म्हणालो, "हल्ली?" आणि दोघंही हसलो.

त्यानंतर ते एकदा येऊन राहिले. परत निघाले तेव्हा मी चौकापर्यंत सोडायला गेलो. पिशवी छातीशी धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "इवाई, सिरसाळ्याला कोंच्या रस्त्यानं जावं?" मला नेहमीसारखी तिडीक आली. केज म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हा प्रश्न विचारताना त्यांच्या डोळ्यांच्या कडेला एक मिश्कील सुरकुती पडायची. ती नव्हती. ते एकेका रस्त्याकडे बघत होते.

"विचारताय की तपासताय?" मी म्हणालो.

"न्हाई हो," ते हळू म्हणाले. "खरंच म्हाईत न्हाई."

इतक्या वर्षांचं माझं भांडण त्या क्षणी मला जिंकता आलं असतं. केज म्हणालो असतो तर ते केजच्या बसमध्ये बसले असते. मी म्हणालो, "पाली, बीड, वडवणी, तेलगाव."

"तुमी सांगताय मंजी बराबरच आसंल," ते म्हणाले. पैज मी तिथंच हरलो. त्यांनी माझ्या शब्दावर एकदा तरी विश्वास ठेवावा म्हणून मी जन्मभर तडफडलो, आणि ठेवला तेव्हा मला ते ऐकवेना.

मी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलो. बस पालीला आली. खिडकीतून बिंदुसरेच्या धरणाचा कोरडा तळ दिसत होता. मी म्हणालो, "हे पाली." त्यांनी मान डोलवली. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "व्याहीबुवा, विचारा की. कशावरनं?"

"आता कशाला इचारू?" ते म्हणाले. "तुमी हाव की संगं."