वीरण्णा पेंटरचं तापलेलं डोकं

वीरण्णा पेंटर चिडल्याशिवाय ब्रश उचलत नसे. त्र्याण्णवच्या लातूरच्या भूकंपानंतर तो मुरुडहून औशाच्या बाजूला भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडवर नंबर टाकायला गेला होता. तिथं एका इंजिनिअरनं त्याला चारचौघांत झापलं. त्या तिरमिरीत यानं आकडे असे काढले, की तोच इंजिनिअर म्हणाला, "वा!" झालं. त्या एका 'वा'वर गड्यानं जन्माचं तत्त्वज्ञान उभारलं, "डोस्कं तापल्याबिगर हाताला वळण येतच न्हाई."

पुढं लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे चेहरे झळकले आणि वीरण्णाची चलती झाली. रोज सकाळी तो बायकोशी भांडण उकरून काढी.

"चहा पांचट हाय."

"अजून पिला कुठं तुमी?" केवळाबाई म्हणे.

"मला उलटं बोलतीस?" की निघाला, आठ्या घालून! परिणाम असा, की गावातला प्रत्येक गुणवंत भिंतीवरून खाऊ की गिळू बघायचा. पालकांना वाटे, अभ्यासानं असंच होत असेल.

एका जूनमध्ये रेणुकादास सरांनी क्लासची दर्शनी भिंत दिली. सरांचं बोलणं नाकातून निघे. "वीरण्णा, ॲक्च्युअली, आमची मृण्मयी भिंतीवर हसरी पाहिजे. समोरच्या क्लासची पोरं हसतात. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर दयानंद फ्लेक्स लावेल." दयानंद म्हणजे सरांचा मेहुणा. त्यानं नुकतीच फ्लेक्सची मशीन टाकली होती. ही भिंत गेली की बाकीच्याही जाणार, हे वीरण्णाला कळत होतं.

तरी हा शहाणा सकाळी चहावरून भांडलाच. हसू काढायला गेला, ते दातओठ खाल्ल्यासारखं निघालं. बोर्डात आलेली मृण्मयी स्वतः मैत्रिणींसोबत बघायला आली.

"काका, ह्याच्यात मी नापास झालेय का?"

पोरी खिदळल्या.

"कलेतलं कळतंय का तुमाला काही?" वीरण्णा खेकसला आणि त्याला खराखुरा राग आला. चहावरचा नव्हे, पोटातून कानशिलापर्यंत चढलेला. आता बघा म्हणावं! त्यानं ब्रश बुडवला, ओठाची कड धरली आणि हात असा लटलटला, की लाल रंग हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला. पुसलं. पुन्हा धरलं. पुन्हा तेच. ज्याच्या नावानं दहा वर्षं बायकोला छळलं, तो राग त्या इंजिनिअरनंतर आज पहिल्यांदा खरा आला, आणि त्याला एक ओठ काढता येईना.

संध्याकाळी दयानंद शिडी घेऊन आला. "काका, जरा सरका. खिळे ठोकायचेत."

वीरण्णा सरकला. "ह्या फ्लेक्सला काय जीव हाय?" असं पुटपुटला आणि शिडी डुगडुगत होती म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.