पाळण्यात बसलेल्या विहिणी

माझ्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा माझ्या सासूबाईंना मानाचं लुगडं घ्यायला आई ब्रह्मपुरीला निघाली. ते त्यांनीच पसंत करावं, असा तिचा हट्ट होता. म्हणून आम्ही सासू-सुना आमच्या सावली गावाहून जीपमध्ये बसलो आणि आई वाटेत तिच्या गावच्या फाट्यावर चढली. खिडकीजवळची जागा दोघी एकमेकींना देत राहिल्या. शेवटी तिथे तिसराच माणूस बसला.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी या दोघी पाहुण्यासारख्याच बोलायच्या. लुगड्यांच्या दुकानात तेच झालं. तुमी पाहा, नाई तुमीच सांगा, हे चालू राहिलं. हिरवं दाखवलं तर दोघींनी छान म्हटलं, जांभळं दाखवलं तर त्याहून छान. दुकानदार थकला आणि चहा पिऊन या म्हणाला.

बाजारापलीकडच्या मैदानात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली होती. तिथल्या उंच पाळण्याकडे सासूबाई मान वर करून पाहत राहिल्या. आईला वाटलं, यांना बसायचं आहे. तिने तसं विचारलं, तर सासूबाईंना वाटलं, हिलाच हौस आहे. खरं म्हणजे दोघींनाही पाळण्याची भीती वाटत होती, हे मला नंतर कळलं. एकमेकींचं मन राखायला दोघी चढल्या आणि मला मधे बसवलं.

पहिल्या फेरीत दोघींनी दोन बाजूंनी माझे दंड धरून ठेवले. पुढच्या फेरीत आईने माझा दंड सोडला आणि माझ्या पाठीमागून सासूबाईंचा पदर घट्ट धरला. मग आम्ही अगदी वर असतानाच पाळणा थांबला. जनरेटर बंद पडला होता. खाली पत्र्यांची छपरं, पलीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या शेतांच्या बांध्या. सासूबाई वाकून पाहायला गेल्या आणि त्यांची एक चप्पल सुटली. गिरक्या घेत ती थेट वांग्यांच्या ढिगात पडली. वांगीवाल्या बाईने ती उचलली आणि आभाळाकडे पाहिलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. विहिणीसमोर अशी फजिती. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग शांतपणे आपल्या पायातली एक चप्पल काढली आणि खाली सोडून दिली.

"आता दोघी संगंच चालू," ती म्हणाली. "तुले एकटीले काऊन हासतीन लोक?"

माझ्यादेखत ती त्यांना पहिल्यांदाच 'तुले' म्हणाली. सासूबाई अशा हसायला लागल्या की पाळणा झुलायला लागला. झुलला म्हणून आई हसली, आणि ती हसली म्हणून मीही. खालच्या पाळण्यातला माणूस, बाई हलू नका, अशा विनवण्या करत होता. त्यामुळे तर आम्हाला श्वास घेता येईना.

खाली उतरल्यावर सासूबाईंची चप्पल मिळाली. आईची मात्र एका चिवड्याच्या दुकानाच्या ताडपत्रीवर जाऊन बसली होती. दुकानदाराने बांबूने खूप ढोसलं, पण ती हलेना. आई तशीच, एक पाय अनवाणी, लुगड्यांच्या दुकानात परत शिरली. सासूबाईंनी भडक गुलाबी उचललं.

"ठेव ते खाली," आई म्हणाली. "तुले नाई शोभत."

"मंग तूच सांग ना कोन्तं."

दुकानदाराने मागवलेला चहा निवायच्या आत मोरपंखी, रुंद काठाचं लुगडं बांधून झालं. दुकानदार माझ्याकडे पाहत होता. मी त्याला आईचा अनवाणी पाय दाखवला.

परतताना दोघींनी एका कागदातून गरम भजी खाल्ली आणि सगळ्या जीपला पाळण्याची हकिकत ऐकवली. आईच्या गावचा फाटा आला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, पण आई उठेना. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे तिने माझ्या लग्नापासून पाळलं होतं. मी तिला फाटा दाखवला.

"लेकीच्या घरी नाई," ती म्हणाली, "मी हिच्या घरी चाल्ली."

सासूबाईंनी ड्रायव्हरला गाडी पुढे काढायला सांगितलं आणि बोटांना लागलेलं तेल माझ्या पदराला पुसलं.